गोळीआधी नखाची तपासणी

गुरुग्रामच्या सोसायट्यांमध्ये सकाळी दारात येऊन रक्ताचा नमुना नेणारा माणूस आता सगळ्यांच्या सवयीचा झाला आहे. वेळ मोबाइलवर ठरते आणि संध्याकाळपर्यंत रिपोर्टही मोबाइलवरच येतो. नखाला बुरशी लागली आहे का, हा प्रश्न मात्र इतक्या झटपट सुटत नाही. त्यामुळे तो न सोडवताच औषध सुरू करणारे पुष्कळ आहेत.

पायाच्या अंगठ्याचं नख पिवळं पडलं, जाड झालं, टोकाशी त्याचा भुगा पडू लागला की बघणारा प्रत्येक जण ‘फंगस आहे’ म्हणून मोकळा होतो. प्रत्यक्षात बिघडलेल्या नखांपैकी साधारण निम्म्याच नखांमागे बुरशी असते. बाकीच्यांमागे सोरायसिस असतो, लायकेन प्लॅनस असतो किंवा बुटातला सततचा मार असतो. २०१३च्या नोव्हेंबरात ‘राहगिरी डे’ सुरू करून रविवारचे रस्ते चालणाऱ्या-धावणाऱ्यांसाठी मोकळे करणाऱ्या या शहरात धावणारे काही कमी नाहीत. घट्ट बुटाच्या टोकावर अंगठा आपटत राहिला तरी नख असंच जाड आणि वेडंवाकडं होतं. त्याच्यावर बुरशीच्या गोळ्यांचा काडीचाही उपयोग नाही.

आणि या गोळ्या चार दिवसांच्या नसतात. पायाच्या नखासाठी टर्बिनाफिन सहसा रोज २५० मिलिग्रॅम, असं १२ आठवडे घ्यावं लागतं. क्वचित यकृताला त्रास होतो, म्हणून डॉक्टर रक्तही तपासून घेतात. बुरशीची खात्री झाल्याशिवाय नखासाठी पोटातलं औषध देऊ नये, असं अमेरिकन अकॅडमी ऑफ डर्मटॉलॉजीने २०१३ मध्येच बजावलं होतं.

खात्री करायची ती नमुन्यावरून, आणि बहुतेक वेळा घोळ होतो तो इथेच. घरी नेलकटरने कापलेलं नखाचं टोक पुडीत बांधून दिलं तर त्यात जिवंत बुरशी सापडण्याची शक्यता कमी. पायाच्या नखात ती बहुधा टोकाखालून शिरून मुळाकडे सरकते, त्यामुळे ताजी बुरशी निरोगी आणि बिघडलेल्या भागाच्या सीमेवर असते. नमुना घेणारा आधी नेलपॉलिश काढायला लावतो, नख ७० टक्के अल्कोहोलने पुसतो, सुटलेला भाग जमेल तितका मागपर्यंत कापतो आणि बाहेरचा भुगा टाकून देऊन नखाखालचा आतला भुगा बारीक क्युरेटने खरवडून घेतो. हे सगळं कोरड्या कागदाच्या घडीत जातं, कारण ओल राहिली तर जिवाणू माजतात. आधीपासून मलम किंवा गोळ्या चालू असतील तर नमुन्यात बुरशी सापडणं अवघड होतं. हे डॉक्टरांना सांगायलाच हवं.

पहिली पायरी केओएच तपासणीची. पोटॅशियम हायड्रॉक्साइडच्या द्रावात नखाचं केराटिन विरघळतं आणि बुरशीचे फांद्या फुटलेले तंतू सूक्ष्मदर्शकाखाली दिसू लागतात. ही तपासणी स्वस्त आहे, बहुधा त्याच दिवशी होते. पण बुरशी कोणत्या जातीची, हे ती सांगत नाही.

त्यासाठी कल्चर. रेमों सॅबुरो या फ्रेंच त्वचारोगतज्ज्ञाच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या माध्यमावर नखाचे कण ठेवून सुमारे चार आठवडे वाट पाहायची. ट्रायकोफायटन रुब्रम असेल तर वरून कापसासारखी पांढरी वाढ दिसते आणि बशी उलटी केली की खालून वाइनसारखा लाल रंग. केओएचमध्ये तंतू दिसूनही कल्चर कोरडं राहण्याचा प्रकार पुष्कळदा घडतो. अशा वेळी नखाचा तुकडा पॅथॉलॉजिस्टकडे जातो. पीएएस रंगद्रव्याने बुरशीच्या पेशीभित्ती गडद गुलाबी होतात आणि काही दिवसांत निकाल मिळतो. पीसीआर त्याहूनही जलद आहे, मात्र मेलेल्या बुरशीचा डीएनएही त्यात पकडला जाऊ शकतो.

जात ओळखण्याला दिल्लीच्या परिसरात आता वेगळंच महत्त्व आलं आहे. टर्बिनाफिनला दाद न देणाऱ्या ट्रायकोफायटनविषयी दिल्लीतल्या संशोधकांनी २०१८ मध्ये ‘मायकोसेस’ या नियतकालिकात लिहिलं. २०२० मध्ये ट्रायकोफायटन इंडोटिनी या नव्या जातीचं वर्णन झालं. ती मुख्यतः जांघेतल्या आणि अंगावरच्या गजकर्णात सापडते. घरात चिवट गजकर्ण असेल आणि नखही बिघडलं असेल, तर दोन्ही गोष्टी डॉक्टरांच्या एकाच वेळी कानावर घालाव्यात.

प्रयोगशाळा कोणती निवडायची? प्रयोगशाळांना मान्यता देणाऱ्या एनएबीएलचं मुख्यालय गुरुग्रामच्याच सेक्टर ४४ मध्ये आहे. ही मान्यता सरसकट अख्ख्या प्रयोगशाळेला नसते, एकेका तपासणीला असते. रक्ताच्या तपासण्यांना मान्यता असलेल्या ठिकाणी बुरशीच्या कल्चरला ती असेलच असं नाही. एनएबीएलच्या संकेतस्थळावर प्रत्येक प्रयोगशाळेच्या मान्यता असलेल्या तपासण्यांची यादी पाहता येते.

पहिला रिपोर्ट निगेटिव्ह आला, पण नख पाहून डॉक्टरांची शंका कायम असेल, तर नमुना पुन्हा द्यावा लागतो. मधुमेह असलेल्यांनी तर यात चालढकल करूच नये. त्यांच्या बधिर पायावर जाड नखाचा दाब पडून झालेली जखम लवकर लक्षातही येत नाही. बुरशी ठरली आणि उपचार सुरू झाले तरी पायाचं नख महिन्याला जेमतेम एक-दीड मिलिमीटर वाढतं. अंगठ्याला पूर्ण नवं नख यायला वर्ष ते दीड वर्ष जातं, म्हणून गोळ्या संपल्यावरही दर काही महिन्यांनी डॉक्टरांना नख दाखवत राहावं लागतं.