पदवी मिळाली, मग परवानगी कशाला?

परवा शेजारच्या घरातून पेढे आले. तिथल्या ताईला इंग्लंडमधल्या एका विद्यापीठात एम.एस्सी.साठी प्रवेश मिळालाय. आम्ही अभिनंदन करायला गेलो, तर तिचे बाबा कर्जाचे कागद पुढ्यात घेऊन बसलेले आणि काका कॅल्क्युलेटर बडवताहेत.

"एक वर्ष शिक्षण, दोन वर्षं तिकडेच नोकरी. कर्ज कसं फिटतंय बघा!" काकांनी जाहीर केलं.

"काका, दोन नाही, दीड वर्ष," ताई हळूच म्हणाली. "नियम बदललाय."

आजीला मात्र काही उमगेना. "अगं, शिकलीस, पास झालीस, की कामाला लागायचं. त्यात कुणाची परवानगी कशाला?"

आजीचा प्रश्न भाबडा वाटतो, नाही? पण जगभरातले लाखो विद्यार्थी हाच प्रश्न उशाशी घेऊन झोपतात. चला, आज ब्रिटनचं उदाहरण घेऊन आजींना उत्तर देऊ या.

पास संपला, उतरा!

एसटीचा विद्यार्थी पास तुमच्यापैकी अनेकांच्या दप्तरात असेल. घर ते शाळा आणि शाळा ते घर, एवढाच त्याचा उपयोग. त्या पासवर मामाच्या गावाला जाता येत नाही आणि शाळा संपली की पासही संपतो.

विद्यार्थी व्हिसा अगदी असाच असतो. परक्या देशाने दिलेली ती शिकण्यापुरती परवानगी. ब्रिटनमध्ये पदवीचं शिक्षण घेणाऱ्या परदेशी विद्यार्थ्याला सत्र चालू असताना आठवड्याला जास्तीत जास्त २० तास काम करता येतं. सुट्टीत पूर्ण वेळ करता येतं. अभ्यासक्रम संपला की हा पास थोडेच दिवस चालतो. पुढे तिथे राहून काम करायचं, तर नवा पास हवा. त्याचं नाव 'ग्रॅज्युएट व्हिसा'.

या व्हिसाची गंमत अशी, की तो मागताना हातात नोकरी असावी लागत नाही. किमान पगाराची अटही नाही. व्यावसायिक खेळाडू किंवा खेळाचे प्रशिक्षक होणं सोडलं, तर जवळजवळ कुठलंही काम चालतं. पण मुदत संपली की तो वाढवून मिळत नाही. एकदाच मिळतो आणि संपतो.

उघडणारं आणि मिटणारं दार

आता तुम्ही विचाराल, ब्रिटन ही परवानगी देतो तरी का? शिकवून झालं, फी घेतली, मग 'या आता' म्हणून मोकळं का होत नाही?

त्याची कारणं मजेशीर आहेत. २००५ मध्ये स्कॉटलंडने अशी योजना आधी सुरू केली. का? तर तिथली लोकसंख्या घटेल अशी काळजी लागली होती! शिकलेली तरुण मुलं आयती आपल्याकडे आहेत, तर दोन वर्षं राहू द्यावीत, असा विचार झाला. २००८ मध्ये साऱ्या ब्रिटनसाठी दोन वर्षांची परवानगी आली. विद्यापीठंही खूश झाली. कारण परदेशी विद्यार्थ्यांकडून ती तिथल्या मुलांपेक्षा कितीतरी जास्त फी घेतात आणि काम करायला मिळणार म्हटल्यावर विद्यार्थीही जास्त येतात.

पण याची दुसरी बाजूही आहे. देशात बाहेरून किती माणसं आली, हा तिथल्या निवडणुकांमधला तापलेला विषय. तो आकडा कमी करण्याचं आश्वासन देणारं सरकार आलं आणि एप्रिल २०१२ मध्ये हे दार बंद झालं! शिक्षण संपल्यावर साधारण चार महिन्यांत सरकारमान्य मालकाकडे ठरलेल्या पगाराची नोकरी मिळवा, नाहीतर घरी जा, असा मामला झाला.

आता विचार करा. २००९ मध्ये एखादा मुलगा तीन वर्षांच्या पदवीसाठी तिकडे गेला. जाताना नियम होता दोन वर्षांचा. २०१२ च्या उन्हाळ्यात पदवी हातात आली, तेव्हा तो नियमच उरला नव्हता. त्याचं काही चुकलं का? काहीच नाही. तो शिकत होता, तेवढ्यात दार मिटलं.

परिणाम आकड्यांत दिसला. २०१०-११ मध्ये ब्रिटनच्या विद्यापीठांत सुमारे ३९ हजार भारतीय विद्यार्थी होते. २०१५-१६ पर्यंत ते १७ हजारांच्याही खाली आले. मग सप्टेंबर २०१९ मध्ये सरकारने दार पुन्हा उघडायचं ठरवलं आणि १ जुलै २०२१ पासून ग्रॅज्युएट व्हिसा सुरू झाला. पदवी आणि मास्टर्सवाल्यांना दोन वर्षं, पीएच.डी. करणाऱ्यांना तीन वर्षं. २०२१-२२ मध्ये भारतीय विद्यार्थ्यांची संख्या सव्वा लाखाच्या पुढे गेली!

२०२४ मध्ये सरकारनेच नेमलेल्या तज्ज्ञांच्या समितीने तपासणी करून 'हा व्हिसा ठेवावा' असा सल्ला दिला. व्हिसा राहिला, पण २०२५ मध्ये त्याला कात्री लागली. १ जानेवारी २०२७ किंवा त्यानंतर अर्ज करणाऱ्यांना दोन वर्षांऐवजी दीड वर्ष मिळेल असं ठरलं. पीएच.डी.ची तीन वर्षं मात्र कायम राहिली.

ताई आणि दादा

हा बदल नेमका कसा बोचतो, ते पाहा. समजा, एकाच घरातली दोन चुलत भावंडं आहेत. ताईचं वर्षभराचं मास्टर्स सप्टेंबर २०२५ मध्ये सुरू झालं आणि दादाचं जानेवारी २०२६ मध्ये. कर्ज सारखं, फी सारखी, विमानाचं भाडंही सारखंच.

ताईचा अभ्यासक्रम संपतो २०२६ च्या सप्टेंबरच्या सुमारास. ती डिसेंबर संपायच्या आत अर्ज करू शकते, म्हणजे तिला दोन वर्षं. दादाचा अभ्यासक्रम संपतो २०२७ उजाडल्यावर, म्हणजे त्याला दीड वर्ष. सुरुवातीत फरक चार महिन्यांचा, कामाच्या मुदतीत सहा महिन्यांचा!

आणि ताईनेही निर्धास्त राहून चालत नाही, बरं का. अभ्यासक्रम यशस्वी पूर्ण झाल्याचं विद्यापीठाने सरकारच्या गृहखात्याला कळवावं लागतं. त्यानंतरच अर्ज करता येतो. एखादा विषय राहिला, फेरपरीक्षा पुढच्या वर्षावर गेली, की सहा महिने गेलेच म्हणून समजा. शिवाय अर्ज ब्रिटनमध्ये असतानाच करावा लागतो. 'निकाल लागला, आता भावाच्या लग्नाला जाऊ आणि तिथूनच अर्ज करू', असं चालत नाही.

परवानगी म्हणजे नोकरी नव्हे

आता काकांच्या कॅल्क्युलेटरकडे वळू. त्यांची चूक फक्त सहा महिन्यांची नव्हती. 'दोन वर्षं परवानगी' म्हणजे 'दोन वर्षं पगार' असं त्यांनी धरलं होतं. व्हिसा फक्त म्हणतो, काम करायला हरकत नाही. काम शोधायचं ते तुम्हीच. शोधण्यात चार महिने गेले, तर ते मुदतीतूनच वजा होतात.

खर्चही असतो. अर्जाची फी वेगळी आणि तिथल्या सरकारी आरोग्यसेवेसाठीचा आकार वेगळा. फेब्रुवारी २०२४ मध्ये हा आकार वर्षाला १,०३५ पौंड झाला. तो पुढच्या सगळ्या मुदतीचा एकरकमी, अर्ज करतानाच भरावा लागतो. पहिला पगार व्हायच्या आधी!

आणि मुदत संपल्यावर? पुढे राहायचं तर बहुतेकांना 'स्किल्ड वर्कर' व्हिसा लागतो. त्यासाठी सरकारचा परवाना असलेला मालक हवा. पगाराची अटही आहे. जुलै २०२५ मध्ये सर्वसाधारण अट वर्षाला ४१,७०० पौंडांवर गेली. नुकतीच पदवी घेतलेल्यांना काही सवलत असते, पण तीही कायमची नाही. म्हणजे दीड वर्षात नुसती नोकरी मिळून भागत नाही. आपल्याला पुढे ठेवून घेणारी नोकरी मिळवावी लागते.

पैसा कुणाचा?

इथे एक जुनी गोष्ट आठवते. १९१३ मध्ये तरुण भीमराव आंबेडकर अमेरिकेला शिकायला निघाले, ते बडोदा संस्थानाच्या शिष्यवृत्तीवर. शिक्षण झाल्यावर दहा वर्षं संस्थानाची नोकरी करायची, असा करार होता. आजही ब्रिटिश सरकारची चिव्हनिंग शिष्यवृत्ती घेणाऱ्याला शिक्षणानंतर किमान दोन वर्षांसाठी आपल्या देशात परतावं लागतं. शिष्यवृत्ती देणारा सांगतो, शिकून झाल्यावर कुठे जायचं ते.

कर्ज काढून जाणाऱ्याला असं कुणी सांगत नाही. पण कर्ज बोलत नसलं तरी मान धरून बसलेलं असतं. हप्ते साधारणपणे शिक्षणानंतर सुरू होतात, व्याज मात्र आधीपासून चढू लागतं. फेडायचं रुपयांत असेल तर पौंडातल्या पगाराची भुरळ पडते. म्हणून तर सहा महिन्यांची कात्री इतकी लागते.

मग जायचंच नाही का?

छे छे, असं कोण म्हणतंय? जरूर जा! जगातली उत्तम ग्रंथालयं, प्रयोगशाळा पाहा. नव्या देशात एकट्याने राहून शिकणं, हीसुद्धा मोठी कमाई आहे. पण निघण्यापूर्वी घरी बसून दोन हिशेब मांडा. एक, तिथे नोकरी मिळाली तर. दुसरा, एक दिवसही मिळाली नाही तर. दुसऱ्या हिशेबातही घर तग धरणार असेल, तर खुशाल बॅगा भरा. नसेल तर शिष्यवृत्ती शोधा, स्वस्त अभ्यासक्रम पाहा किंवा दोन वर्षं इथे काम करून मग जा.

आणि नियम विचारायचा तो शेजाऱ्याला नाही, एजंटालाही नाही. तो त्या देशाच्या सरकारने काय छापलंय तिथेच वाचायचा आणि निघताना एकदा वाचून पुरत नाही. दर सत्राला वाचायचा!

आमच्या शेजारची ताई त्या रात्री हेच करत बसली होती. काकांनी नवा कागद घेतला आणि पहिल्याच ओळीत लिहिलं, 'नोकरी : शून्य महिने'. बाबा जरा गंभीर झाले. मग त्यांनी कर्जाचा आकडा थोडा कमी केला आणि ताईने आणखी एका शिष्यवृत्तीचा अर्ज भरायला घेतला.

आजी एवढंच म्हणाली, "म्हणजे पास नीट वाचून मगच गाडीत बसायचं. एवढंच ना?"

अगदी एवढंच, आजी!