विद्यार्थ्यांचें मत आणि घरचा खर्च

खानदेशचा उन्हाळा कडक, हें कोणास नव्यानें सांगावयास नको. वैशाखांत जळगांव-धुळ्याकडे पारा कधीं कधीं ४५ अंशांपलीकडे जातो. परंतु औद्योगिक युगापूर्वीच्या मानानें पृथ्वीचें सरासरी तापमान एका अंशाहून अधिक वाढलें असून त्यामुळें उष्णतेच्या लाटा तीव्र होत आहेत, हें आतां शास्त्रसिद्ध आहे. सर्वोच्च न्यायालयाच्या १९९१ च्या आदेशास अनुसरून पुढें पर्यावरण हा विषय पदवीच्या सर्व शाखांस आवश्यक झाला. अर्थात् जळगांवच्या विद्यापीठांत शिकणाऱ्या आपल्या मुलामुलींस हें कारण ठाऊक असतें. मग त्यांचें मत आचरणांत कां दिसूं नये?

आमच्या मतें याचें उत्तर घराच्या जमाखर्चांत आहे. वीज, वाणसामान, वाहन यांचे निर्णय वडीलधाऱ्यांचे. विद्यार्थ्याच्या हातीं फार तर कपडे व मोबाईल. ज्याला बिल पाहावें लागत नाहीं, त्याचें मत उत्तरपत्रिकेंतच राहतें. भुसावळजवळ दीपनगर येथें कोळशावर वीज तयार होते. अशा विजेच्या एका युनिटामागें सुमारें एक किलो कार्बन डायऑक्साइड हवेंत जातो. रिकाम्या खोलींतील पंख्याचा हा हिशेब मुलानें घरीं मांडला, तर तो उद्धटपणा समजूं नये.

उलट, वडीलमंडळींची काटकसरही विद्यार्थ्यांनीं जुनाट मानूं नये. जुन्या लुगड्यांची गोधडी शिवणाऱ्या आजीस कारण ठाऊक नसेल. संवय मात्र पक्की आहे.

धुळें जिल्ह्यांत पांझरेकांठीं शेंकडों वर्षें चालत आलेली फड पद्धत या बाबतींत मननीय आहे. बंधाऱ्याचें पाणी सर्वांचें. एका फडांत एकच पीक. पाटकरी पाणी देणार. आणि पाणी पाहून कोणता फड पेरावयाचा, हें सर्वांनीं मिळून ठरवावयाचें. तेथें संयम हा एकट्यादुकट्याचा त्याग नसून सर्वांची व्यवस्था आहे.

एकत्र कुटुंब हाही एक फडच होय. म्हणून आमची वाचकांस सूचना अशी कीं, एक वर्षभर विजेचें बिल व वाणसामानाची यादी घरांतील महाविद्यालयीन मुलामुलींकडे सोंपवावी आणि दरमहा सर्वांनीं एकत्र बसून ती पाहावी. दुपारीं सर्वांनीं एकाच कूलरखालीं बसावें कीं नाहीं, नवें कापड केव्हां घ्यावें, ताटांत किती वाढावें, हें तेथेंच ठरेल. ज्ञान मुलांचें, संवय वडिलांची. दोहोंचा मेळ घरांतच बसावयास हवा.