धानाच्या कटोऱ्यात भोकांची नळी

‘धानाचा कटोरा’ म्हणवणाऱ्या छत्तीसगडात, रायपूरच्या इंदिरा गांधी कृषी विद्यापीठात धानाची २३ हजारांहून जास्त वाणं जपून ठेवली आहेत. रोज नव्या वाणाचा भात रांधला तरी साठ वर्षं सहज निघतील! फिलिपिन्समधल्या आंतरराष्ट्रीय भात संशोधन संस्थेखालोखाल हाच साठा मोठा मानतात. १९७०च्या दशकात डॉ. आर. एच. रिछारियांनी गावोगावचं बियाणं गोळा करून त्याचा पाया घातला. कोणतं धान कोरड्यात तग धरतं, कोणतं पाण्यात, हा सगळा डेटा तेव्हा म्हाताऱ्या शेतकऱ्यांच्या डोक्यात होता.

आता पाण्याचं बघा. किलोभर धानामागे पाऊस आणि सिंचन मिळून सरासरी अडीच हजार लिटर! १ नोव्हेंबर २०१६ला नवा रायपुरात ‘सौर सुजला’ योजना सुरू झाली आणि शेतात सौरपंप आले. डिझेल वाचलं, छानच. पण उन्हाचं बिल येत नाही, म्हणून मोटार दिवसभर सुरूच राहिली, तर बोअर आटणार नाही तर काय?

यावरचा सगळ्यात हुशार उपाय बिनबॅटरीचा आहे. फूटभर पीव्हीसी पाइप, खालच्या अर्ध्या भागाला भोकं. तेवढा भाग चिखलात रोवायचा, आतला गाळ उपसायचा आणि रोज डोकावायचं. वर जमीन कोरडी दिसली तरी नळीत पाणी असतं. म्हणजे मुळांना मिळतंय. ते जमिनीखाली अर्धा फूट उतरलं, की मगच मोटार सुरू करायची. पाण्याची बचत तीस टक्क्यांपर्यंत. शिवाय चिखलाला हवा लागते, त्यामुळे त्यातून निघणारा मिथेन वायूही निम्म्यावर येऊ शकतो. फुलोऱ्यात मात्र कंजुषी नको, तेव्हा बांधीत (धानाच्या खाचरात) पाणी हवंच.

युरियासाठीही असंच एक स्वस्त यंत्र आहे: हिरव्या छटांची प्लास्टिकपट्टी. सूर्याकडे पाठ करायची, पान आपल्या सावलीत धरायचं आणि रंग जुळवायचा. दहापैकी सहा पानं फिकट निघाली तरच खत.

ड्रोन? तो दहाएक मिनिटांत एकराची फवारणी उरकतो. फोटोही झकास येतो. पण आपला मुद्दा नळीचा.

भंडारा-गोंदियाच्या मंडळींनो, ही नळी तुमच्याही बांधीत चालते. घरात उरलेला पाइप शोधा, तापलेल्या खिळ्याने भोकं पाडा आणि रोवणीनंतर दोनेक आठवड्यांनी एका बांधीत रोवून बघा.