पूर वाळू परत आणत नाही

पाथरीपासून पूर्णेपर्यंत गोदाकाठच्या कोणत्याही गावात वाळू उपशाचा विषय काढा, एक वाक्य हमखास ऐकू येतं: "एक पूर आला की गंगा (म्हणजे गोदावरी) सगळं भरून काढते." हायवावाला हेच सांगतो आणि शिकलीसवरली माणसंही मान डोलावतात.

भरून काढायला वाळू येणार कुठून? आपल्या मुलखातला काळा दगड झिजला की त्याची मुख्यतः चिकण माती होते. वाळू थोडीच, आणि ती साठायला फार मोठा काळ लागतो. त्यात १९७६ साली पैठणला जायकवाडी धरण पूर्ण झालं. वरून येणारी वाळू तेव्हापासून धरणाच्या नाथसागर जलाशयात अडते. खाली ढालेगाव, मुद्गलचे बंधारे. पूर्णा नदीवर येलदरी, दुधना नदीवर निम्न दुधना. वाळूच्या वाटाच आपण अडवल्या आहेत.

पुरानंतर खड्डे भरलेले दिसतात, खरं आहे. पण हात घालून बघा, बराचसा गाळ लागेल, आणि गाळातून पाणी फारसं जिरत नाही. थोडी वाळू येते ती वरच्या पात्रातली ओढून. म्हणून तर खड्डा वरच्या अंगाला सरकतो, काठाच्या जमिनी ढासळतात, पुलांचे पाये उघडे पडतात.

विहिरींचंही ऐका. एक ब्रास म्हणजे १०० घनफूट. वाळूच्या कणांमध्ये तीसेक टक्के जागा मोकळी असते, म्हणजे एका ब्रासमध्ये साधारण ८५० लिटर पाणी मावतं. पावसाळ्यात हे पाणी धरून उन्हाळ्यात काठच्या विहिरींना पुरवणारी टाकीच आपण ट्रॅक्टरमध्ये भरून विकतो.

"पात्र खोल झालं की पूर ओसरतो" हेही पुरतं खरं नाही. खोल खड्ड्यांनी काठ कोसळतो आणि माणसं बुडतात.

"वाळूघाटाचा लिलाव झाला म्हणजे हवं तितकं खोदा"? केंद्राच्या २०१६च्या मार्गदर्शक सूचनांत मर्यादा ३ मीटर किंवा पाण्याची पातळी, यांपैकी जे आधी लागेल ते.

"लहान घाटाला पर्यावरण परवानगी लागत नाही"? पाच हेक्टरांखालच्या घाटांनाही ती लागते, असं सर्वोच्च न्यायालयाने दीपक कुमार खटल्यात २०१२ सालीच बजावलं आहे.

"क्रश सँडचं काँक्रीट कच्चं"? आयएस ३८३ हे भारतीय मानक दगड भरडून केलेल्या या वाळूला मान्यता देतं.

घर काढलं असेल तर गुत्तेदाराला आधी क्रश सँडचा भाव विचारा. नदीचीच वाळू घ्यायची असेल, तर वाहतूक पास पाहिल्याशिवाय गाडी दारात रिकामी करू देऊ नका.