प्रवाळाला हवा निळा उजेड

न्हावा-शेवा म्हटले की १९८९ साली सुरू झालेले बंदर आणि कंटेनरांनी भरलेली जहाजे तुमच्या डोळ्यांसमोर येतात. पण तेथील खाडीचे पाणी तुम्ही कधी निरखून पाहिले आहे काय? ते चिखलाने गढूळ असते. याच कोकण किनाऱ्यावर मालवणला, सिंधुदुर्ग किल्ल्याच्या परिसरात, प्रवाळांच्या वसाहती आहेत. न्हाव्याच्या चिखलात मात्र तसे दृश्य दिसत नाही. असे का व्हावे? याचे एक महत्त्वाचे कारण म्हणजे प्रकाश. ते आपण घरी केलेल्या दिव्याने पडताळून पाहू.

प्रवाळ हा प्राणी आहे. परंतु भित्ती बांधणाऱ्या प्रवाळांच्या शरीरात सूक्ष्म शैवाले राहतात. ती प्रकाशसंश्लेषणाने अन्न तयार करतात व त्याचा मोठा वाटा प्रवाळाला मिळतो. म्हणजे उजेड कमी झाला की प्रवाळाची उपासमार होते.

आता पाण्याचा गुणधर्म पाहा. स्वच्छ समुद्रात तांबड्या प्रकाशाचा बहुतेक भाग पहिल्या काही मीटरांतच शोषला जातो. निळा मात्र खोलवर पोहोचतो. ही शैवालेही निळा प्रकाश चांगला शोषतात. म्हणूनच प्रवाळ ठेवलेल्या मत्स्यालयांवर निळे व पांढरे एलईडी लावतात. निळ्याची तरंगलांबी साधारणपणे ४५० नॅनोमीटर असते. अशा टाक्यांना कित्येक वॉटचे एलईडी, उष्णता वाहून नेणारी अॅल्युमिनियमची पट्टी आणि प्रवाह स्थिर राखणारे मंडल लागते. आपला दिवा त्याचीच छोटी प्रतिकृती होय.

साहित्य : १२ व्होल्टचा अॅडाप्टर, ३ निळे एलईडी, रोधक, तारा. घरातील २३० व्होल्टच्या तारांना हात लावू नये.

एका निळ्या एलईडीवर सुमारे ३.२ व्होल्ट दाब पडतो. तीन एकसर जोडले की ९.६ व्होल्ट झाले. उरले २.४ व्होल्ट. प्रवाह २० मिलिअँपिअर, म्हणजे ०.०२ अँपिअर, ठेवायचा आहे. ओहमच्या नियमाने २.४ ÷ ०.०२ = १२० ओहम. तेवढा रोधक त्याच ओळीत जोडा. एलईडीचा लांब पाय धन बाजूला यावा. रोधक विसरलात तर प्रवाह वाढून एलईडी जळण्याचा संभव असतो.

दुसरी ओळ ३ तांबड्या एलईडींची करा. त्यांच्यापैकी प्रत्येकावर सुमारे २ व्होल्ट दाब पडतो. त्या ओळीला किती रोध लागेल, ते तुम्हीच काढा.

आता प्रयोग. मोठ्या माणसाला बरोबर घेऊन उरणच्या मोरा धक्क्यावरून बाटलीभर पाणी आणा. बंदराच्या हद्दीत शिरू नका. एकसारख्या दोन काचेच्या भांड्यांपैकी एकात हे पाणी ढवळून भरा, दुसऱ्यात नळाचे पाणी घ्या. अंधाऱ्या खोलीत भांड्याच्या एका बाजूस दिवा व दुसऱ्या बाजूस एलडीआर ठेवा. उजेड पडला की एलडीआरचा रोध कमी होतो. तो मल्टिमीटरने मोजा. प्रत्येक रंगाची तुलना त्याच रंगाच्या नळाच्या पाण्यातील नोंदीशीच करावी. खाडीच्या पाण्यात कोणता रंग अधिक घटतो? मग तेच पाणी एक दिवस स्थिर ठेवून, गाळ खाली बसल्यावर, पुन्हा मोजा. न ढवळता वाचन घ्या. दोन नोंदींतील फरक म्हणजे गाळाने अडवलेला उजेड.

आता काही जण विचारतील, टाकीत खरा प्रवाळच आणून ठेवला तर? समुद्रातून प्रवाळ काढून आणणे हा गुन्हा आहे. २००१ पासून त्यांना वन्यजीव संरक्षण कायद्याचे संरक्षण आहे. मुंबईत हाजीअली-वरळीच्या खडकांवरही लहान प्रवाळ आढळतात. किनारी रस्त्याच्या कामासाठी त्यांतील काही वसाहती २०२० साली मुळापासून न मोडता, काळजीपूर्वक उचलून दुसरीकडे हलवाव्या लागल्या. तेव्हा आपल्या दिव्याखाली तळ्यातील हायड्रिला ठेवा आणि एका मिनिटात किती बुडबुडे येतात ते मोजा. दिवा दूर नेला की संख्या कशी बदलते?

या प्रयोगातून एक गोष्ट ध्यानात येईल. मत्स्यालयातला उजेड बटण दाबून वाढवता येतो, समुद्रातला नाही. किनाऱ्यावर खोदकाम वाढून पाण्यात गाळ मिसळला, की प्रवाळाच्या वाट्याचा सूर्यप्रकाश तेवढा कमी होतो.