यादीबाहेरचे हक्क : संझगिरी खटला आणि नागरिकाचे अलिखित स्वातंत्र्य

प्रस्तावना :

संविधानात ज्या हक्कांचा उल्लेख आहे तेवढेच हक्क नागरिकाला असतात काय? की उल्लेख नसलेले काही हक्कही त्याच्याजवळ शिल्लक राहतात? हक्कांची यादी केली, तर यादीबाहेरचे हक्क लोकांनी सोडून दिले असा अर्थ काढला जाईल, ही भीती अमेरिकेत संविधाननिर्मितीच्या काळातच व्यक्त झाली होती. त्यामुळे 1791 च्या नवव्या दुरुस्तीत काही हक्कांची गणना केल्याने लोकांकडील इतर हक्क नाकारले जात नाहीत, अशी तरतूद करण्यात आली. भारतीय संविधानात अशी स्वतंत्र तरतूद नाही. तथापि हाच प्रश्न आपल्या न्यायालयांपुढे वेळोवेळी आला असून त्यातील एक महत्त्वाचा खटला एका मराठी पुस्तकाच्या हस्तलिखितावरून उभा राहिला. प्रस्तुत लेखात त्या खटल्याचा व त्यातून पुढे आलेल्या विचाराचा मागोवा घेतला आहे.

तुरुंगातील हस्तलिखित :

प्रभाकर पांडुरंग संझगिरी यांना 1962 च्या भारत संरक्षण नियमांखाली मुंबईच्या तुरुंगात स्थानबद्ध करण्यात आले होते. तेथे त्यांनी अणूच्या अंतरंगाची ओळख करून देणारे पुस्तक मराठीत लिहिले. विषय निव्वळ विज्ञानाचा होता. हस्तलिखित प्रकाशनासाठी बाहेर पाठविण्याची परवानगी त्यांनी मागितली, ती राज्य शासनाने नाकारली. मुंबई उच्च न्यायालयाने संझगिरींच्या बाजूने निर्णय दिला व शासन अपिलात सर्वोच्च न्यायालयात गेले.

शासनाचा युक्तिवाद वरवर पाहता सरळ होता. स्थानबद्ध व्यक्ती स्वतंत्र राहिलेली नसते. स्थानबद्धतेच्या अटींसंबंधीच्या 1951 च्या आदेशात ज्या सवलती दिल्या आहेत तेवढ्याच तिला मिळतात. पुस्तक बाहेर पाठविण्याची सवलत त्यात नाही, म्हणून तो हक्कही नाही.

सप्टेंबर 1965 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हा युक्तिवाद फेटाळला. न्या. के. सुब्बाराव यांच्या निकालपत्राचे सूत्र असे की, सदर अटी म्हणजे बहाल केलेल्या सवलतींची यादी नसून त्या स्वातंत्र्यावर घातलेल्या निर्बंधांची यादी होय. पुस्तक लिहिण्यास वा प्रकाशनार्थ पाठविण्यास त्यात मनाई नाही, म्हणून शासनाला ते अडविता येत नाही. त्या वेळी आणीबाणी लागू होती व अनुच्छेद 21 च्या अंमलबजावणीसाठी न्यायालयात जाण्याचा हक्क राष्ट्रपतींच्या आदेशाने स्थगित होता. परंतु तो आदेश संरक्षण कायदा वा नियमांखाली केलेल्या कृतीपुरताच मर्यादित होता. ज्या कृतीला नियमाचा आधारच नाही, तिला त्याचे संरक्षण मिळू शकले नाही.

या निकालाचे मर्म प्रश्नाची दिशा बदलण्यात आहे. 'हे करण्याची मुभा कोठे लिहिली आहे?' असे नागरिकाला विचारायचे, की 'हे रोखण्याचा अधिकार कोठे लिहिला आहे?' असे शासनाला विचारायचे? न्यायालयाने दुसरा प्रश्न विचारला.

विचाराची पीछेहाट व पुनर्स्थापना :

हा विचार पुढे निर्वेधपणे टिकला नाही. 28 एप्रिल 1976 रोजी जबलपूर खटल्यात बहुमताने असे ठरविले की, व्यक्तिस्वातंत्र्याचा एकमेव आधार अनुच्छेद 21 हाच असून तो स्थगित असताना बेकायदा स्थानबद्धतेविरुद्धही दाद मागता येणार नाही. न्या. एच. आर. खन्ना यांनी एकट्याने भिन्नमत नोंदविले. जीवित व स्वातंत्र्य ही संविधानाने दिलेली देणगी नसून ती त्यापूर्वीही अस्तित्वात होती, असे त्यांचे प्रतिपादन होते. पुढे 1978 च्या 44 व्या दुरुस्तीने अनुच्छेद 20 व 21 ची अंमलबजावणी आणीबाणीतही स्थगित करता येणार नाही, अशी व्यवस्था झाली.

बहुमतात सहभागी असलेले न्या. यशवंतराव चंद्रचूड यांनीच 1985 मध्ये सरन्यायाधीश या नात्याने ओल्गा टेलिस खटल्यात उपजीविकेचा हक्क अनुच्छेद 21 मध्ये अंतर्भूत असल्याचे मान्य केले. मात्र मुंबईच्या पदपथवासीयांना त्यातून कायमचा निवारा मिळाला नाही. पावसाळा संपेपर्यंत त्यांचे निष्कासन लांबले, एवढेच. 24 ऑगस्ट 2017 रोजी नऊ न्यायाधीशांच्या घटनापीठाने गोपनीयतेचा हक्क मान्य केला. त्यातील प्रमुख निकालपत्र त्यांचे पुत्र न्या. धनंजय चंद्रचूड यांनी लिहिले आणि त्यात जबलपूर निकाल चुकीचा ठरवून रद्दबातल केला.

समारोप :

यादीबाहेरचे हक्क मान्य करताना न्यायाधीशांना अमर्याद मोकळीक मिळते, हा आक्षेप दुर्लक्षिण्याजोगा नाही. त्यावर संझगिरी निकालात एक संयत उत्तर आढळते. तेथे नवा हक्क निर्माण केलेला नाही. निर्बंधाला कायद्याचा आधार दाखवा, एवढीच मागणी आहे. आपल्या पनवेल तालुक्यातच तळोजा मध्यवर्ती कारागृह आहे. त्यामुळे हा प्रश्न आपल्या विद्यार्थ्यांपासून दूरचा नाही. नागरिकशास्त्र शिकविताना मूलभूत हक्कांची यादी पाठ करून घेण्याबरोबरच, यादी संपते तेथे स्वातंत्र्य संपत नाही, हेही वर्गात सांगितले जावे.