तपन वाढली, व्होल्ट घटले

मे महिन्यात अकोल्याचा पारा ४५ अंशांच्या वर गेला, की वावरातल्या सौर पंपाबद्दल एक प्रश्न हमखास निघतो : ‘तपन तं लय हाये, मंग पानी काहून कमी पडून रायलं?’ विहीरच तळाला गेलेली असते, हे एक उत्तर झालं. त्याचा दोष पॅनलच्या माथी मारण्यात अर्थ नाही. दुसरं उत्तर मात्र खुद्द पॅनलच्या पोटात आहे. पॅनलला उजेड हवा असतो. उष्णता त्याला मानवत नाही.

पॅनलवरचे निळे-काळे चौकोन म्हणजे सिलिकॉनच्या पातळ चकत्या. सिलिकॉनच्या अणूच्या बाहेरच्या कक्षेत ४ इलेक्ट्रॉन असतात आणि चारही शेजारच्या अणूंशी जोडण्यात गुंतलेले. म्हणून शुद्ध सिलिकॉनमधून वीज जेमतेमच वाहते. त्यात लाखांत एखादा फॉस्फरसचा अणू घातला, तर त्याचा पाचवा इलेक्ट्रॉन मोकळा उरतो. बोरॉनचा घातला, तर त्याच्याकडे तीनच असल्याने एक जागा रिकामी राहते. पहिला प्रकार ‘एन’, दुसरा ‘पी’. दोन्ही एकाच स्फटिकात लागून आले, की सीमेजवळचे मोकळे इलेक्ट्रॉन पलीकडच्या रिकाम्या जागांत जाऊन बसतात आणि मधे विद्युतक्षेत्राचा एक बांध उभा राहतो.

हाच डायोड. अमरावतीतल्या कुठल्याही मोबाइल दुरुस्तीच्या टेबलावर तो तपासताना पाहता येतो : मल्टिमीटरच्या पिना एका बाजूने लावल्या की ०.५-०.६ असा आकडा येतो, उलट लावल्या की मीटर वीज पुढे जातच नसल्याचं दाखवतो. दोन्हीकडून शून्य आलं, तर डायोड गेला.

सौर सेल म्हणजे असाच एक डायोड, फक्त पंजाएवढा आणि उन्हात पसरलेला. १९५४मध्ये अमेरिकेतल्या बेल लॅबमध्ये चॅपिन, फुलर आणि पिअर्सन यांनी दाखवलेला सिलिकॉन सेल उन्हातल्या ऊर्जेपैकी ६ टक्क्यांच्या आसपास वीज देत होता. आजचं चांगलं पॅनल २० टक्क्यांच्या पुढे जातं. उरलेलं बहुतेक ऊन उष्णता होऊन पॅनललाच तापवतं.

आता शेततळं डोळ्यांपुढे आणा. उजेड इलेक्ट्रॉन सुटे करतो, बांधावरचं क्षेत्र त्यांना एका बाजूला ओढून साठवतं; ही साठलेली पातळी म्हणजे व्होल्टेज. स्फटिक तापला, की बांधाची झिरप झपाट्याने वाढते. आवक जवळपास तेवढीच, पण पातळी खाली. प्रत्येक अंशामागे एका सेलचे साधारण २ मिलिव्होल्ट जातात. ऐकायला किरकोळ वाटतं. पण पॅनलवर छापलेले वॅट २५ अंशांना मोजलेले असतात आणि मेच्या दुपारी पॅनल ६५ अंशांवर सहज पोचतं. म्हणजे ४० अंशांचा फरक, ७२ सेल : साडेपाच-पावणेसहा व्होल्ट गायब. शक्तीत हिशेब केला, तर सुमारे १५ टक्के. कंट्रोलर मग मोटारीचा वेग उतरवतो आणि खोल विहिरीवर तो फरक धारेत लगेच दिसतो.

तरीही ३, ५ आणि साडेसात अश्वशक्तीचे हे पंप शेतकऱ्याला हवे आहेत. रात्रीच्या लाइनसाठी विंचूकाट्यांत बॅटरी घेऊन वावरात जाणं ज्याने केलंय, त्याला १५ टक्क्यांचं फार काही वाटत नाही.

उष्णतेपेक्षाही मोठा गनीम म्हणजे सावली. मोर्शी-वरूडकडे संत्र्याच्या बागेच्या कडेला पॅनल लावलं आणि बांधावरच्या निंबाची एक फांदी दोन-चार सेलवर आली, तर सगळी साखळी अडते. कारण सेल एकामागे एक जोडलेले असतात. सावलीतला सेल वीज देण्याऐवजी खायला लागतो आणि तापून काचेमागे तपकिरी डाग पडतो. ते टाळायला पॅनलच्या पाठीवरच्या काळ्या डबीत बहुधा ३ डायोड बसवलेले असतात. अडलेल्या भागाला वळसा घालून ते बाकीची वीज पुढे जाऊ देतात, पण पॅनलचा तिसरा हिस्सा तेवढ्यापुरता बादच होतो.

म्हणून फांदी छाटायची, पॅनलखालून वारा खेळता ठेवायचा आणि धुळीने माखलेली काच उजाडताच धुवायची. भर दुपारी नाही; तापलेल्या काचेवर थंड पाणी पडलं, तर ती तडकू शकते.